टिश्यूचा ऊस, इथेनॉल आणि आपले पाणी

(वाशिम जिल्हा बैठकीतील भाषणाचा मजकूर)



कपाशी आणि ज्वारीवाल्यांच्या बैठकीत उसाचा विषय कशाला, असे काही जणांनी मघाशी चहाच्या वेळी विचारले. विचारणे बरोबर आहे. वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा, मानोरा या सहा तालुक्यांत ऊस आपण पाहतो तो बहुतेक रसवंतीवर. पण पैनगंगेवर बॅरेज झाले, पाणी अडले, आणि पाण्याच्या मागोमाग माणसे यायला लागली. नदीकाठच्या दोन गावांतून आम्हाला निरोप आला. मोटारसायकलवर एक जण येतो, हातात काचेची बाटली, बाटलीत हिरवेगार इवलेसे रोप. म्हणतो, हा टिश्यू कल्चरचा ऊस आहे, प्रयोगशाळेतला आहे, एकरी शंभर टन देतो, आता साखर नाही, पेट्रोलमध्ये टाकायचे इथेनॉल काढायचे आहे, कारखाना येणार आहे, आगाऊ नोंदणी करा. गावच्या एका म्हाताऱ्याने आम्हाला एवढेच विचारले, "भाऊ, लावावं का नाही थे सांगा."

हो किंवा नाही एका शब्दात सांगता आले असते. पण तसे एकदा सांगून आम्ही पस्तावलो आहोत. ते पुढे सांगू. आधी त्या बाटलीत काय आहे ते पाहू, कारण बाटलीतली वस्तू खोटी नाही. खोटे असते ते तिच्याभोवतीचे बोलणे.

उसाचे बी पेरत नाहीत. कांडी तोडायची, डोळा मातीत दाबायचा, त्यातून नवा ऊस. म्हणजे बापाचीच मूर्ती लेकरात. गुण जसेच्या तसे उतरतात, आणि रोगही जसेच्या तसे उतरतात. कांडीतून गवताळ वाढ येते, चाबूक काणी येते, मोझॅक येतो, लाल कूज येते. सरकी पेरताना बी जळके निघाले तर उगवत नाही, आपल्याला लगेच कळते. उसाचे बेणे रोगट निघाले तरी उगवते, आणि दोन वर्षांनी खोडव्यात कळते. उत्तर भारतात को ०२३८ या एकाच वाणाने लाखो हेक्टर व्यापले, कारखाने आणि शेतकरी दोघेही खूश होते, आणि मग लाल कूज त्याच वाणावर तुटून पडली.

दुसरी अडचण वेगाची. एकराला अडीच-तीन टन बेणे लागते. एका एकराच्या बेण्यातून पुढच्या वर्षी आठ-दहा एकर लागण होते. ज्वारीच्या एका कणसात किती दाणे असतात ते मोजून पाहा, म्हणजे फरक कळेल. पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्राने किंवा कोइमतूरच्या संस्थेने एखादे नवे वाण काढले, तर सुरुवातीला त्याची मूठभर बेटे असतात. तिथून गावोगाव पोचायला कांडीच्या वाटेने आठ-दहा वर्षे जातात. तोवर नवे वाण जुने झालेले असते.

या दोन्ही अडचणींवर शेंड्याने उपाय सापडला. उसाच्या शेंड्याच्या अगदी टोकाला, पोंग्याच्या आत, वाढीचा एक बारीक कोंब असतो. तिथे पेशी इतक्या झपाट्याने वाढतात आणि रसवाहिन्या इतक्या अपुऱ्या असतात, की विषाणू मागे पडतो. तो कोंब धारदार पात्याने कापून घ्यायचा. त्याआधी बेण्याला गरम पाण्याची किंवा दमट गरम हवेची प्रक्रिया द्यायची. मग त्याला बाटलीत ठेवायचे. बाटलीत माती नाही, क्षार, जीवनसत्त्वे, थोडी संप्रेरके आणि साखर. हो, साखरच. हिरवे पान स्वतःचे अन्न पुरते तयार करू लागेपर्यंत उसाच्या बाळाला साखर पाजावी लागते. सगळे निर्जंतुक, कारण साखर पाहिली की बुरशीही येते. दोन-तीन आठवड्यांनी एका कोंबाचे अनेक कोंब होतात. ते वेगळे करायचे, पुन्हा नव्या बाटलीत. असे करत वर्षभरात एका शेंड्यापासून हजारो रोपे होतात. शेवटी मुळ्या फोडायच्या, आणि मग ते नाजूक लेकरू हरितगृहात, नंतर शेडनेटखाली दीड-दोन महिने उन्हावाऱ्याची सवय करून बाहेर आणायचे.

हे काही परवाचे नाही. हवाई बेटांवरच्या ऊस संशोधकांनी साठच्या दशकात पेशींपासून उसाचे रोप उभे केले. आपल्याकडे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मस्कारेन्हस, जगन्नाथन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शेंड्याच्या कोंबापासून मोझॅकमुक्त उसाची रोपे वाढवली आणि ते काम १९७५ साली छापून आले. म्हणजे पन्नास वर्षे झाली. पुढे मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटने हे काम कारखान्यांच्या शेतापर्यंत नेले. जळगावच्या केळीवाल्यांना याचा फायदा आपल्या आधी कळला. त्यांची टिश्यूची बाग एकसारखी निसवते आणि घड एकाच हंगामात कापणीला येतात. तंत्र चांगले आहे. आम्ही तंत्राच्या विरोधात बोलायला उभे नाही. नव्या बियाण्याला, नव्या तंत्राला शेतकऱ्याच्या दारात येण्यापासून कोणी अडवू नये, हे आम्ही नेहमी म्हणत आलो.

पण बाटलीतल्या रोपाकडून काय मागायचे ते कळले पाहिजे. टिश्यू कल्चर म्हणजे वाण नव्हे. को ८६०३२ चा शेंडा घेतला तर को ८६०३२ च निघणार, फुले २६५ चा घेतला तर फुले २६५ च. जनुक बदललेले बियाणे वेगळे, हे वेगळे. रोप निरोगी असल्याने आणि फुटवे भरपूर असल्याने उत्पादन वाढते, ते रोगाने खाल्लेला वाटा परत मिळाल्यामुळे. तहान तेवढीच राहते. बाटलीत वाढल्याने ऊस कमी पाणी पीत नाही. एकरी शंभर टन काढणारे शेतकरी महाराष्ट्रात आहेत, ते कांडी लावूनही काढतात, आणि त्यांच्याकडे बारमाही पाणी, ठिबक, भरपूर खत आणि पिढ्यांचा अनुभव असतो. ते सगळे सोडून फक्त बाटली आपल्या वावरात आणली तर शंभर टन येत नाहीत.

आणखी एक गोष्ट तो मोटारसायकलवाला सांगत नाही. टिश्यूचे रोप कारखान्याला घालण्याच्या उसासाठी लावायचेच नसते. ते महाग, टिपरीच्या कितीतरी पट. त्याचा खरा उपयोग बेणेमळ्यासाठी. टिश्यूच्या रोपांपासून पायाभूत बेणे, पायाभूत बेण्यापासून प्रमाणित बेणे, आणि तिथून शेतकऱ्याच्या लागणीला. चार फूट बाय दोन फुटांवर लावले तर एकराला साडेपाच हजारांच्या आत रोपे बसतात. ही रोपे घ्यायची ती बेणे विकण्यासाठी. आता सांगा, ज्या जिल्ह्यात ऊसच नाही त्या जिल्ह्यात बेणे विकत कोण घेणार?

आम्ही हे पुस्तकातून सांगत नाही. शेतकीची पदवी घेतल्यावर काही वर्षे आम्ही नोकरी केली. रोपे विकणाऱ्या एका कंपनीच्या माणसांबरोबर गावोगाव फिरत होतो. एका वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाशी एका शेतकऱ्याकडे ट्रकभर रोपे उतरवली. पाहताक्षणी आम्हाला कळले होते की रोपे शेडनेटमध्ये पुरेशी राहिलेली नाहीत, पान पातळ, काचेतून नुकतेच बाहेर काढल्यासारखे. आठ दिवसांत निम्म्याहून जास्त वाळली. अहवाल आमच्या हातून गेला. त्यात लिहिले, 'शेतकऱ्याकडून पाणी व्यवस्थापनात चूक.' असे लिहायला आम्हाला सांगितले गेले होते, पण सही आमची होती. त्या शेतकऱ्याने आम्हाला काही म्हटले नाही, जेवायला बसवले. पुढे वर्षभरात ती नोकरी सुटली. लोक विचारतात चळवळीत कसे आलात, तर असे आलो.

दुसरी गोष्ट त्याच्याही आधीची. आम्ही अकोल्याला शिकत होतो. वडिलांनी विचारले, विहिरीला पाणी बरे आहे, कारखान्याची माणसे येऊन गेली, ऊस लावू का. आम्ही नुकतेच पिकांचे अर्थशास्त्र शिकलो होतो. म्हटले, लावा. दोन एकर लावला. त्या वर्षी कारखाना चाललाच नाही. तोडणीची टोळी आज येते, उद्या येते. उसाला तुरे आले, मग दशी पडली, मग पोकळ झाला. उन्हाळ्यात तोडून ढोरांना घातला, उरलेला बांधावर वाळला. कपाशी बुडाली तर एक हंगाम बुडतो. त्या उसात दीड वर्ष बुडाले, आणि कर्ज उरले. विदर्भात सहकारी साखर कारखाने किती उभे राहिले आणि त्यातले किती बंद पडले, विकले गेले, हे तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त माहीत आहे.

आता इथेनॉल. मोटारसायकलवाला म्हणतो, साखरेचे दिवस गेले, आता इंधनाचे दिवस. त्यातही अर्धे खरे आहे. इथेनॉल म्हणजे मद्यार्क, मळी आंबवून, ऊर्ध्वपातन करून काढतात, पूर्ण निर्जल केला की पेट्रोलमध्ये मिसळता येतो. ब्राझीलने १९७५ पासून ही वाट धरली. पण त्यांच्या उसाचा मोठा भाग पावसावर येतो, आपल्यासारखा पाटावर नाही, हे लक्षात ठेवा. आपल्याकडे २००१ साली मिरज, मनमाड आणि उत्तर प्रदेशातल्या आंवल्याला प्रयोग झाला. २००३ पासून काही राज्यांत पाच टक्के मिश्रण सुरू झाले, आणि पुढे पंधरा वर्षे रखडत चालले. २०१८ च्या जैवइंधन धोरणाने मळीबरोबर उसाचा रस, गोड ज्वारी, मका, खराब धान्य यांना दारे उघडली. २०२५ साली मिश्रण वीस टक्क्यांवर पोचले.

मग अडचण कुठे? अडचण नळाच्या चावीत. इथेनॉल घेणाऱ्या सरकारी तेल कंपन्या, भाव ठरवणारे सरकार, आणि कशापासून किती करायचे हेही सरकारच सांगणार. ७ डिसेंबर २०२३ ला, गाळप हंगाम ऐन भरात असताना, केंद्राने हुकूम काढला की उसाच्या रसापासून इथेनॉल करायचे नाही. का? तर पाऊस कमी, साखर कमी पडेल, निवडणुका समोर. कारखान्यांनी कर्जे काढून आसवन्या उभ्या केलेल्या. आठवड्याभरात थोडी मुभा दिली, सतरा लाख टन साखरेइतकी. पूर्ण बंदी उठली ती २०२४ च्या ऑगस्टमध्ये, पुढच्या हंगामासाठी. कापसाची निर्यात अशीच मध्येच बंद झालेली तुम्ही पाहिली आहे. कांद्याची तर दरवेळीच. जे साखरेच्या शहरी गिऱ्हाइकासाठी कांद्याचे होते तेच इथेनॉलचेही झाले. पश्चिम महाराष्ट्रातला कारखाना तो धक्का कसाबसा सोसतो, त्याच्याकडे साखर विकायची सोय असते, उसाच्या चिपाडावर वीज करून विकायची सोय असते. इथे नदीकाठी नुसत्या इथेनॉलच्या नावावर येणारा कारखाना, तोही अजून कागदावरच, तो काय सोसणार?

पाण्याचा हिशेब मात्र सावकाश करू, कारण तो कोणी करून दाखवत नाही. सरीत मोकळे पाणी दिले तर लागणीपासून तोडणीपर्यंत उसाला दोन हजार मिलिमीटर आणि त्याहूनही जास्त पाणी जाते. एका एकरावर दोन हजार मिलिमीटर म्हणजे ऐंशी लाख लिटर. एकरी चाळीस टन ऊस धरा, टनाला रसापासून सत्तर लिटर इथेनॉल धरा, झाले अठ्ठावीसशे लिटर. भागून पाहा. एका लिटर इथेनॉलमागे जवळजवळ अठ्ठावीसशे साठ लिटर पाणी. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातही हाच आकडा आहे, म्हणजे आमचे गणित फार चुकलेले नाही.

आता हेच पाणी आपल्या पिकात टाका. आपल्याकडे पाऊस साडेसातशे-आठशे मिलिमीटर. त्यातला सातशे उसाने घेतला असे समजू, तरी तेराशे मिलिमीटर वरून द्यावे लागेल. कपाशीला काय लागते? बोंडे भरताना पन्नास मिलिमीटरचे एक ओलीत, पाऊस लवकर गेला तर दुसरे. दोन्ही मिळून शंभर. एका एकर उसाच्या पाण्यात तेरा एकर पऱ्हाटी दोनदा ओलते. उसाला ठिबक केले आणि एकूण पाणी तेराशेवर आणले, तरी सहा एकर कपाशीचे पाणी एक एकर उसात जाते. बॅरेजमधले पाणी त्या काठच्या सगळ्यांचे आहे. मोटर मोठी ज्याची त्याचा ऊस, आणि वरच्या तेरा वावरांतली बोंडे अर्धी फुटलेली. भांडण लागेल ते गावागावांत लागेल, बाटली दाखवणारा तोवर दुसऱ्या जिल्ह्यात गेलेला असेल.

मग इंधनाच्या या बाजारात कोरडवाहूवाल्याला जागाच नाही का? आहे, पण ती उसाच्या वाटेने नाही. फलटणच्या निंबकर संस्थेने सत्तरच्या दशकापासून गोड ज्वारीवर काम केले. ताटात रस, वर कणीस, चार महिन्यांचे पीक, खरिपाच्या पावसावर येणारे. एकरी बारा-पंधरा टन ताटे आली तर पाचशे लिटरच्या आसपास इथेनॉल, शिवाय दाणा. बियाणे एकरी तीन-चार किलो. त्याला टिश्यू कल्चर लागत नाही, बाटली लागत नाही. पण इथेही आम्ही मध दाखवणार नाही. हैदराबादच्या इक्रिसॅटने शेजारच्या मेदक जिल्ह्यात रुस्नी डिस्टिलरीबरोबर २००७ च्या सुमारास हा प्रयोग केला. अडचण अशी की ताट कापले की रसातली साखर तासागणिक उतरते, दोन दिवस पडून राहिले तर फारसे हाती लागत नाही. सगळ्यांची ज्वारी एकदमच सोंगणीला येते, कारखान्याला महिनाभर काम आणि बाकी वर्ष टाळे. म्हणून त्यांनी इब्राहिमाबाद गावातच चरक बसवून पाक करून पाहिला. तरीही तो धंदा टिकला नाही. पुन्हा कोणी करायला घेतला तर आधी चरक गावात आणा, मग पेरा म्हणा.

आम्हाला जास्त भरवसा वाटतो तो काळ्या पडलेल्या ज्वारीचा. हसू नका. खरिपाची ज्वारी भरली आणि दिवाळीच्या आधी पाऊस आला की कणीस काळे होते. व्यापारी पाडून मागतो, सरकारी केंद्र परत पाठवते. त्या दाण्यातला स्टार्च बुरशीने सगळा खाल्लेला नसतो. मक्याच्या क्विंटलमागे अडतीस लिटरच्या आसपास इथेनॉल निघते, चांगल्या ज्वारीचेही त्याच्या जवळपास, काळ्या ज्वारीचे थोडे कमी. २००७ साली राज्य सरकारने धान्यापासून मद्यार्क काढायला अनुदान दिले तेव्हा 'गरिबाच्या ज्वारीची दारू' म्हणून गदारोळ झाला. तो गदारोळ करणाऱ्यांपैकी कोणी आपली काळी ज्वारी विकत घ्यायला आले नाही. आज २०२३-२४ पासून धान्याचे इथेनॉल उसाच्या पुढे गेले आहे, आणि त्यात मका सगळ्यांत जास्त. मक्यासाठी ठरतो तसा ज्वारीसाठीही खरेदीचा भाव जाहीर करा, आणि खराब दाण्याची प्रतवारी उघडपणे ठरवा, एवढी मागणी आपण लावून धरली पाहिजे. ज्वारीचा पेरा मोडून आपण सोयाबीनवर गेलो, ढोरांचा कडबा गेला. ज्वारीला एक पडता भाव मिळाला, म्हणजे पाऊस लागला तरी यापेक्षा खाली जाणार नाही असा, तर पेरा परत येईल.

टिश्यूचे तंत्र आपल्या उपयोगाचे नाही असे मात्र समजू नका. मंगरूळपीर-कारंजाकडच्या संत्र्याला नागपूरच्या लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेत शेंड्याच्या कोंबाचे कलम करून विषाणूमुक्त मातृवृक्ष तयार करतात. तत्त्व तेच. रोगट कलमावर बाग उभी करून दहा वर्षांनी रडण्यापेक्षा तिथून डोळा आणलेला बरा. त्यावर एक वेगळी बैठक घेऊ.

आता त्या दोन गावांचे. ज्यांनी आगाऊ पैसे भरलेले नाहीत त्यांनी भरू नका. ज्यांच्या विहिरीला खरेच पाणी आहे आणि हौस आहे त्यांनी पाच-दहा गुंठे रसवंतीपुरता ऊस लावावा, आमची हरकत नाही, पण रोपे घेताना चार गोष्टी लेखी मागाव्यात. वाणाचे नाव काय. ज्या प्रयोगशाळेतून रोपे आली तिला केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाची २००६ पासून चालू असलेली मान्यता आहे का, आणि या लॉटची विषाणू तपासणी झाली का. शेडनेटमध्ये रोपे किती दिवस होती. आणि महिन्याच्या आत मर झाली तर बदलून देणार का. जो लेखी देत नाही त्याच्याकडून घेऊ नका.

आणि कारखान्याचा माणूस करार घेऊन आलाच, तर त्याला दोनच प्रश्न विचारा. चौदा दिवसांत पैसे द्यायचे आणि उशीर झाला तर पंधरा टक्के व्याज, हे १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात आहे, ते करारात लिहिता का? आणि रस इथेनॉलकडे वळवला की साखरेचा उतारा कमी दिसतो, एफआरपी तर उताऱ्यावर ठरते, मग आमचा उतारा कोण आणि कसा मोजणार? या प्रश्नांवर पश्चिम महाराष्ट्रातले ऊसवाले वर्षानुवर्षे भांडत आहेत, तेही कारखाना दारात असताना.

ज्यांनी पैसे भरले आहेत, अशी सतरा-अठरा नावे आमच्याकडे आली आहेत. त्यांनी पावती, बाटलीवरची चिठ्ठी आणि त्या माणसाने दिलेले छापील पत्रक जपून ठेवावे. येत्या अमावास्येनंतरच्या पहिल्या बाजाराच्या दिवशी वाशिमला सगळ्यांनी ती घेऊन यावीत. आम्ही सकाळी दहापासून थांबू. तो म्हातारा आला तर त्याला सांगा, पुढे बसायला जागा ठेवली आहे.